बिघाड नेमका कुठे? निजामशाही नहरींपासून घरातल्या राउटरपर्यंत

१/ घरात वाय-फाय सुरू आहे. एका मोबाइलवर व्हिडिओ विनाअडथळा चालतो. मात्र प्रिंटर सापडत नाही, टीव्ही जोडला जात नाही आणि नवा स्मार्ट बल्ब कितीही वेळा चालू-बंद केला तरी दाद देत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत राउटर बंद करून पुन्हा सुरू केला जातो आणि तेवढ्याने भागले नाही, तर दोष कंपनीच्या माथी मारला जातो. मित्रहो, आजचा धागा या रोजच्या अडचणीमागच्या इतिहासाचा आहे. तो संगणकापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यापासून.

२/ १४९० मध्ये अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे सीना नदीच्या काठी त्याची राजधानी उभी राहिली. प्रदेश पर्जन्यछायेतला, नदी उन्हाळ्यात आटणारी. वाढत्या शहराची तहान नदीवर भागणे शक्य नव्हते. म्हणून शेंडी, वडगाव, कापूरवाडी अशा भोवतालच्या चढावरील गावांकडून नहरींवाटे पाणी आणले गेले. बागा, महाल, मशिदी, हौद आणि वस्त्या या पाण्यावर जगल्या. हश्त बिहिश्त बाग असो किंवा तलावाच्या मधोमध उभारलेला फराहबाग महाल असो, त्यांचे सारे वैभव दुरून येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर अवलंबून होते.

३/ दख्खनच्या अशा नहरींत पंप नव्हता. उगम उंचावर, शहर उतारावर. पाणी आपल्याच वजनाने वाहत येई. जमिनीखाली चुन्यात बसवलेले खापरी नळ किंवा दगडी बांधणीचे बंदिस्त पाट असत. या वाटेचे दोन शत्रू होते. पहिला गाळ, जो सखल भागात साचतो. दुसरा हवा, जी नळाच्या उंचवट्यावर कोंडते आणि पाण्याला अडवते. म्हणून ठरावीक अंतरावर उभे मनोरे बांधत. त्यांना आपल्याकडे उच्छ्वास किंवा उसासे म्हणतात. औरंगाबादची मलिक अंबरची नहर आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळातली पुण्याची कात्रजची नळयोजना यांतही ते आहेत.

४/ उसाशाचे काम हवा सोडण्याचे आणि गाळ बसू देण्याचे. पण या रचनेने आणखी एक मोठी सोय केली. जमिनीखाली दडलेले पाणी तिथे डोळ्यांना दिसते. समजा, शहरातल्या हौदात पाणी येईनासे झाले आणि उगमाची विहीर भरलेली आहे. मग संपूर्ण नहर खणण्याची गरज नाही. मधल्या एखाद्या उसाशात डोकवावे. तिथे पाणी असेल, तर दोष त्याच्या पुढे. नसेल, तर मागे. एका नजरेत निम्मी नहर निर्दोष ठरते. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा हेच करावे. अखेर दोन उसाशांमधला एक तुकडा उरतो आणि कुदळ तिथेच मारावी लागते.

५/ या धाग्याचा गाभा एवढाच आहे. ‘का बंद पडले?’ हा प्रश्न पहिला नव्हे. ‘कुठपर्यंत पोहोचते?’ हा पहिला प्रश्न. कारण शोधण्याआधी जागा शोधायची. आणि जागा शोधायची, तर वाटेत डोकावण्याच्या खिडक्या हव्यात. पुढच्या प्रत्येक जाळ्याला, तारेच्या, समुद्री केबलच्या, संगणकाच्या, या खिडक्या नव्याने शोधाव्या लागल्या. घरातल्या राउटरपाशी आपण आज जे करतो किंवा करायला हवे, ते त्या शोधांचे फळ आहे.

६/ हिंदुस्थानात विद्युत तारायंत्राचे जाळे विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली पसरले. १८५१ मध्ये कलकत्त्याजवळ पहिली मार्गिका झाली आणि फेब्रुवारी १८५५ पासून तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पाणी निदान ओल तरी सोडते. तारेतली वीज काहीच मागे ठेवत नाही. संदेश येईनासा झाला, की शेकडो मैलांत दोष कुठे, हे कळायला एकच मार्ग उरे: मधल्या ठिकाणी जाऊन यंत्र जोडायचे आणि दोन्ही बाजूंना हाक मारून पाहायची.

७/ १० मे १८५७, रविवार. दिल्लीचे तारघर सुटीच्या दिवसाप्रमाणे सकाळी बंद झाले आणि दुपारी चारला उघडले, तेव्हा मेरठ उत्तर देईना. यमुनेखालून गेलेली केबल आधीपासून कुरकुरत होती, म्हणून संशय तिच्यावर गेला. तारघराचा प्रमुख चार्ल्स टॉड याने ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण तारबाबूंना नदीपलीकडे धाडले. तिथल्या केबलघरातून त्यांनी दिल्लीला हाक दिली, उत्तर आले. मेरठला हाक दिली, शांतता. निष्कर्ष स्पष्ट होता: केबल ठीक आहे, तुटले आहे ते पलीकडे, मेरठच्या बाजूला.

८/ नगरच्या उसाशात डोकावण्याचीच ही रीत आहे. मध्यावर उभे राहा, दोन्ही दिशा तपासा, निम्मी वाट संशयातून मुक्त करा. शोध तंतोतंत बरोबर होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः दुरुस्तीसाठी यमुनेकडे निघाला आणि मारला गेला. कारण तार सडली नव्हती. मेरठच्या शिपायांचा उठाव झाला होता आणि ती तोडण्यात आली होती. त्या दिवशी दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने पंजाबातील इंग्रज अधिकारी सावध झाले. दिल्लीत १९०२ मध्ये या तारघराचे स्मारक उभारले गेले.

९/ इथे दुसरा धडा मिळतो. संपर्क तुटणे म्हणजे दर वेळी बिघाडच असे नाही. कधी तो कुणीतरी हेतुपुरस्सर तोडलेला असतो. नगर जिल्ह्याला हेही नवे नाही. १६२४ च्या भातोडीच्या लढाईत मलिक अंबराने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या छावणीत पाणी व चिखल केला. पाण्याच्या व्यवस्थेकडे पाहणाऱ्याला तो बांधाचा ‘दोष’ वाटला असता. प्रत्यक्षात ती युद्धनीती होती. घरच्या जाळ्यातही अशी मुद्दाम घातलेली कुंपणे असतात. ती पुढे येतीलच.

१०/ ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी पहिली केबल पूर्ण झाली. संदेश अतिशय क्षीण आणि मंद येत. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले. तंत्रप्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस याने संदेश सुधारावा म्हणून विजेचा दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत चढवला. आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. दोष कुठे आहे हे न पाहता जोर लावला, की दुरुस्तीच विध्वंस ठरते, हे त्या शतकाने फार महाग किमतीला शिकून घेतले.

११/ दुसरी वाट विल्यम थॉमसनसारख्या शास्त्रज्ञांची, म्हणजे मोजमापाची होती. तारेचा विद्युतरोध तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे किनाऱ्यावर बसून रोध मोजला, तर केबल किती मैलांवर तुटली आहे याचा अंदाज येतो आणि जहाज नेमके तिथे पाठवता येते. १८७० मध्ये मुंबई समुद्री केबलने इंग्लंडशी जोडली गेली, तेव्हा हे तंत्र रुळले होते. आज रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडला, तर तंत्रज्ञ काचेच्या तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि परतीचा प्रकाश किती वेळात आला यावरून तुटीचे अंतर काढतो. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला: कुठपर्यंत पोहोचते?

१२/ आता संगणकांकडे वळू. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाचा, म्हणजे आर्पानेटचा, पहिला संदेश हाच आणि पहिला बिघाडही हाच. दोन्ही टोकांची माणसे त्या वेळी दूरध्वनीवर एकमेकांशी बोलत होती, म्हणून कोणते अक्षर पोहोचले हे लगेच कळले. सुमारे तासाभरात काम पूर्ण झाले. नव्या जाळ्याचा उसासा त्या रात्री जुन्या जाळ्याने पुरवला.

१३/ पण दर वेळी फोन करून विचारणे शक्य नव्हते. १९८१ मध्ये इंटरनेटच्या नियमांत एक साधी तरतूद झाली: ‘हाक ऐकू आली, तर तीच परत पाठवा.’ डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस या प्रोग्रामरसमोर विचित्र वागणारे एक जाळे होते. त्याने एका संध्याकाळीच या तरतुदीचा वापर करणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ हे नाव दिले. तो तयार होईपर्यंत मूळ बिघाड दुरुस्तही झाला होता! प्रोग्राम मात्र जगभर टिकला. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांनी यमुनेपलीकडून जे केले, ते पिंग बसल्या जागी करतो.

१४/ त्याच दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन जेकबसन याने ‘ट्रेसराउट’ लिहिला. त्यामागची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक संदेशाच्या पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो आणि शून्य झाल्यावर पाकीट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. मूळ हेतू पाकीट अनंत काळ भटकू नये हा होता. जेकबसनने मुद्दाम आधी एक, मग दोन, मग तीन असे आकडे घालून पाकिटे पाठवली. पहिले पहिल्या राउटरपाशी संपले, दुसरे दुसऱ्यापाशी. संपूर्ण वाटेचे टप्पे एकामागून एक उजळले. उसासा हवेसाठी बांधला आणि डोकावायला उपयोगी पडला, तसेच हे झाले.

१५/ याच काळात नावांचा प्रश्नही सुटला. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्डच्या त्या संशोधन संस्थेत ठेवली जाई. जाळे वाढले, यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस याने नावांची विभागलेली व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली. तिने सोय केली, तसाच बिघाडाचा एक नवा प्रकारही जन्माला घातला: वाट सुरळीत आहे, पण नावावरून पत्ता मिळत नाही. एखादे संकेतस्थळ उघडत नाही आणि तरी पिंग चालतो, तेव्हा दोष बहुधा इथे असतो.

१६/ मग पत्ते कमी पडू लागले. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. म्हणून १९९४ मध्ये अनेक यंत्रांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे राहण्याची पद्धत मांडली गेली आणि १९९६ मध्ये खासगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारा आपल्या घरातला पत्ता त्यांतलाच. हे पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी ही पद्धत १९९३ ची. वाड्याचा पत्ता एक, आतल्या खोल्यांना आपापले क्रमांक, आणि क्रमांक वाटणारा दरवान म्हणजे राउटर, अशी ही रचना आहे.

१७/ हा इतिहास कळला, की पत्ता हाच एक उसासा होतो. जोडणीच्या सेटिंगमध्ये यंत्राचा पत्ता पाहावा. तो १९२.१६८ सारखा राउटरच्याच घराण्यातला असेल, तर यंत्र दरवानापर्यंत पोहोचले आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच तात्पुरता घेतला, असा त्याचा अर्थ. काल चालणारा प्रिंटर आज सापडत नाही, याचेही कारण अनेकदा पत्त्यातच असते: दरवानाने त्याला नवा क्रमांक दिला आणि संगणक जुन्याच दारावर थाप मारतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी कायमचा पत्ता राखून ठेवला, की हा घोळ मिटतो.

१८/ अखेरचा टप्पा बिनतारी. १९८५ मध्ये अमेरिकेने काही रेडिओ पट्टे अशा वापरासाठी परवान्याविना खुले केले, १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे पहिले मानक आले आणि १९९९ मध्ये ‘वाय-फाय’ हे नाव. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले होते, २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये. हे दोन पट्टे दोन स्वभावांचे आहेत. २.४ दूर जातो, भिंती तुलनेने बरा पार करतो, पण त्यावर गर्दी फार. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. ५ वेगवान, पण भिंतीशी लवकर हरतो. नगरकडच्या जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडाच्या जाड भिंतींपुढे किंवा लोखंडी सळ्यांच्या स्लॅबपुढे हा फरक तत्काळ जाणवतो.

१९/ म्हणून स्मार्ट बल्ब दाद देत नाही, याचे कारण पुष्कळदा कालक्रमात दडलेले असते. स्वस्त उपकरणांत केवळ २.४ चा रेडिओ असतो आणि राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्याने मोबाइल ५ वर बसलेला असतो. जोडणीपुरते पट्टे वेगळे केले, तर काम होते. आणि भातोडीचा धडा इथे आठवावा: मोबाइल पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर असेल, तर त्याला घरातला टीव्ही किंवा प्रिंटर दिसणारच नाही. तो बिघाड नाही. सुरक्षिततेसाठी मुद्दाम घातलेला बांध आहे.

२०/ सारे एकत्र करून शोधाचा क्रम असा लावता येतो.
• सगळीच यंत्रे बंद आहेत की एकच? एकच असेल, तर राउटरला हात लावू नये.
• सगळी बंद असतील आणि फायबरच्या डबीवर लाल दिवा असेल, तर तूट घराबाहेर आहे, तक्रार करावी.
• एकाच यंत्राला अडचण असेल, तर ते राउटरजवळ आणावे. चालले, तर दोष भिंतीचा किंवा अंतराचा.
• यंत्राचा पत्ता पाहावा.
• आधी राउटरला पिंग करावा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, मग एखाद्या नावाला. हाक जिथे विरते, त्याच्या अलीकडची वाट निर्दोष.
• दोन यंत्रे एकमेकांना दिसत नसतील, तर दोन्ही एकाच जाळ्यावर आहेत ना, हे तपासावे.

२१/ राउटर बंद करून सुरू करणे गैर नाही. त्याने अडकलेली अवस्था मोकळी होते आणि अनेकदा काम भागते. पण मागचे छिद्र सुईने दाबून त्याला कारखान्यातल्या मूळ स्थितीत नेणे ही निराळी गोष्ट आहे. त्याने जोडणीचे नाव, परवलीचा शब्द, राखीव पत्ते, कधी कधी सेवा पुरवणाऱ्याने भरलेली माहितीही पुसली जाते आणि एका यंत्राचा प्रश्न सगळ्या घराचा होतो. व्हाइटहाउसचे दोन हजार व्होल्ट ते हेच. हा उपाय यादीत अगदी शेवटी असावा आणि त्याआधी सगळी माहिती कागदावर उतरवलेली असावी.

२२/ हे सारे क्षुल्लक वाटू शकते. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हा घरातली ही अदृश्य वाट हीच शाळेची वाट झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, दूरच्या डॉक्टरांचा सल्ला, बाजारभाव, सगळे याच वाटेने येते. ती तुटली आणि कुठे तुटली हे कळले नाही, तर माणूस दुसऱ्यावर विसंबून हातावर हात ठेवून बसतो, नाहीतर चांगले यंत्र फेकून नवे विकत आणतो. निजामशाही नगरात हौद कोरडा पडल्यावर जी हतबलता येत असेल, तिचीच ही आजची धाकटी बहीण.

२३/ नव्या उपकरणांचा कल मात्र या खिडक्या बुजवण्याकडे आहे. ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच संदेश पडद्यावर येतो. कुठपर्यंत पोहोचले, हे तो सांगत नाही. उसासे नसलेली नहर वरून नीटनेटकी दिसेल, पण तुंबली की ती पूर्ण खणावी लागेल. म्हणून आपल्या घरापुरते तरी उसासे आपणच राखावेत. राउटरचा पत्ता, दोन्ही पट्ट्यांची नावे, कोणते यंत्र कोणत्या पट्ट्यावर आहे आणि प्रिंटरचा राखीव पत्ता, एवढे एका कागदावर लिहून तो राउटरशेजारी चिकटवावा. पुढच्या वेळी घरातले कुणीही त्या कागदापासून सुरुवात करू शकेल. धागा येथे पूर्ण.